चिप आधी, लस नंतर

नोकरीचे पत्र येते, व्हिसाची तारीख ठरते, फ्रिज कुणाला द्यायचा आणि गाडी किती रुपयांना काढायची याची बोलणी होतात, आणि मग घरातले कुणीतरी विचारते, मांजराचे काय? हे कुटुंब भिलाईतल्या एखाद्या दवाखान्यात पोचते तेव्हा विमानाला पाच-सहा आठवडे उरलेले असतात. जायचे असते जर्मनीला, आणि त्या मांजराला भारतातून युरोपीय संघात शिरण्यासाठी सर्व काही वेळेवर झाले तरी किमान चार महिने लागतात. नियम समजावून सांगताना समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे आपल्या पशुवैद्यकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. या महिन्याचे संपादकीय त्या चार महिन्यांबद्दल आहे, कारण ते आपल्या हातात आहेत.

भिलाईत हा प्रश्न वरचेवर येणार. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला, फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरातून माणसे सेक्टरांच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. विदर्भातून आलेली मराठी घरेही त्यांत होती. त्या क्वार्टरमधली मुले शिकून बंगळुरूला, तिथून म्युनिकला, टोरांटोला गेली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचे असते, आणि पुष्कळदा आईवडीलही मुलांकडे निघतात. मागच्या बागेत वाढलेले, अर्धे घरातले आणि अर्धे बाहेरचे मांजर या सगळ्या हिशेबात शेवटी उरते. शेजाऱ्यांना दिले तरी ते जुन्या, कुलूप लागलेल्या दारापाशी जाऊन बसते. मांजर माणसाला नव्हे, घराला धरून असते, असे सांगून आपण पुष्कळदा मालकाची समजूत घालतो. माझ्या मते ते अर्धसत्य आहे आणि सोयीचे आहे. ज्यांना मांजर न्यायचे आहे त्यांना नेता यावे, यासाठी जे करायचे ते आपण करायला हवे.

करायचे काय, तर क्रम पाळायचा. पहिली मायक्रोचिप, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ मानकांची, पंधरा आकडी. तिचा क्रमांक स्कॅनरने वाचून नोंदवल्यावर रेबीजची लस, वयाच्या बारा आठवड्यांनंतर. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून टायटर. प्रतिपिंडांची पातळी प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक हवी, आणि तपासणी युरोपीय आयोगाच्या मान्य यादीतल्या प्रयोगशाळेत झालेली हवी. रक्त काढल्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबायचे. म्हणजे आज जन्मलेले पिल्लू जवळपास सात महिन्यांचे होण्याआधी जाऊच शकत नाही. ब्रिटनचा हिशेबही जवळपास असाच आहे. शिवाय तिथे विमानाने जाणारे मांजर केबिनमध्ये नेता येत नाही, ते मालवाहतुकीतूनच उतरवावे लागते. २०१२ पूर्वी भारतातून गेलेल्या मांजराला ब्रिटनमध्ये सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागत. त्या मानाने तीन महिने आपल्याच घरी थांबणे ही मोठी सवलत आहे.

थांबण्याचे कारण मालकाला नीट सांगावे, कारण ते कळले की तो घाईचा आग्रह धरत नाही. टायटर लसीला शरीराने प्रतिसाद दिला एवढेच दाखवते. लस टोचण्याआधीच मांजराला विषाणू लागलेला असेल, तर रेबीजचा अधिशयन काळ पाहता आजार पुढे कधीही उघड होऊ शकतो. तीन महिने त्या शक्यतेसाठी आहेत. रात्रभर बाहेर हिंडून, भांडून येणाऱ्या बोक्याच्या बाबतीत ही शक्यता कागदावरची नाही.

आता आपल्या चुकांकडे. चिप नसताना टोचलेली लस परदेशी अधिकारी मोजत नाही, कारण लस याच मांजराला टोचली याचा पुरावा उरत नाही. मग चिप बसवून पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. दुसरी गोष्ट बूस्टरची. युरोपात टायटरचा निकाल मांजराच्या आयुष्यभर चालतो, पण बूस्टरची साखळी कधीही तुटलेली नसेल तरच. मुदत एका दिवसाने हुकली तरी ती लस पहिली लस समजली जाते. तिसरी गोष्ट नमुन्याची. संपूर्ण रक्त पाठवू नये; सिरम वेगळे करावे, ते हिमोलाइज झालेले नसावे, आणि नळीवर मालकाच्या नावाबरोबर चिपचा क्रमांक असावा. रक्त काढताना चिप पुन्हा वाचावी. कार्डावर लसीचे स्टिकर, बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख आणि वैधतेची शेवटची तारीख, चारही हवीत. नुसती सही आणि शिक्का पुरत नाही.

सर्वांत कठीण क्षण मात्र वेगळा असतो. मालक खाली मान घालून म्हणतो, डॉक्टर, मागची तारीख टाका ना. तो लबाड नसतो, हतबल असतो, आणि म्हणूनच नकार देणे जड जाते. तरी द्यावाच. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली १९९२ मध्ये आपल्या व्यवसायाची आचारसंहिता आली, आणि खोट्या प्रमाणपत्राला तिच्यात जागा नाही, हा भाग आहेच. पण त्याहून मोठे कारण २०२१ मध्ये जगाने पाहिले. रेबीजच्या बनावट कागदपत्रांसह येणारे कुत्रे वाढले, तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने शंभराहून अधिक देशांतून येणाऱ्या कुत्र्यांवर तात्पुरती बंदी घातली. त्या यादीत भारत होता. काही लोकांनी घातलेल्या खोट्या तारखांची किंमत प्रामाणिक कागद असलेल्या प्रत्येक कुत्र्याने मोजली. मांजरे त्या बंदीतून सुटली, आणि आजही अमेरिकेचे केंद्रीय नियम मांजराबाबत सौम्य आहेत. ते तसेच राहावेत असे वाटत असेल तर आपल्या सहीचा मान आपणच राखला पाहिजे.

देशागणिक नियम बदलतात, हे मालकाला पहिल्याच भेटीत सांगावे. कॅनडाला रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र पुरते. जपानला रक्त काढल्यापासून १८० दिवसांचा काळ लागतो, आणि येण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या प्राणी-क्वारंटाइन कार्यालयाला कळवावे लागते. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट मांजर घेतच नाही. त्याला आधी मान्य यादीतल्या एखाद्या देशात राहून तिथली तयारी पूर्ण करावी लागते. तीन-चार महिन्यांची कामाची नेमणूक असेल तर मांजर इथेच विश्वासू माणसाकडे ठेवावे, असा सल्ला मी निःसंकोच देईन. पंधरा वर्षांच्या, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराबद्दलही तसेच. रक्तदाब, क्रिएटिनिन, गरज पडली तर हृदयाची सोनोग्राफी, एवढे पाहिल्याशिवाय प्रवासास योग्य असे लिहू नये.

पर्शियन मांजरांबद्दल विशेष सांगायला हवे, कारण शहरी घरांत ती आता सर्रास दिसतात. चपट्या नाकाच्या जातींना उष्णता आणि ताण झेपत नाही. अनेक विमान कंपन्या त्यांना नाकारतात किंवा उन्हाळ्यात घेत नाहीत. दुर्ग-भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा धावपट्टीवर उभ्या असलेल्या पिंजऱ्यात काय होईल, हे सांगायला नको. शक्य तिथे प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठरवून द्यावा. झोपेचे इंजेक्शन मागितले तर देऊ नये: अॅसेप्रोमॅझिनसारख्या औषधाने रक्तदाब आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता खालावते, आणि विमानात पाहायला कुणी नसते. त्याऐवजी पिंजरा दीड-दोन महिने आधी घरात उघडा ठेवायला सांगावा, जेवण त्यातच द्यावे. मांजराला त्यात ताठ उभे राहता, वळता आणि पसरून झोपता आले पाहिजे, ही आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची अट आहे, आणि पुष्कळ पिंजरे त्याच मापाला कमी पडतात.

शेवटचा टप्पा भिलाईकराला फार दमवतो. निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र केंद्राच्या प्राणी क्वारंटाइन व प्रमाणन सेवेकडून घ्यायचे, आणि तिची मुख्य केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळुरूला आहेत. युरोपासाठी हे प्रमाणपत्र प्रवेशापूर्वीच्या दहा दिवसांतले लागते. म्हणजे प्रवासाच्या तोंडावर मांजर घेऊन हावडा-मुंबई मार्गाने मुंबई गाठायची. गाडीत मांजर जवळ ठेवायचे तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर ते ब्रेक व्हॅनमध्ये. सामान्य घराला हा खर्च जड आहे. नागपूरहून आखाती देशांत थेट विमाने जातात, आणि रायपूर ही एका राज्याची राजधानी आहे. या दोन्हींपैकी एका ठिकाणी प्रमाणपत्र देणारा अधिकारी आठवड्यातून एक दिवस बसला, तरी मध्य भारताची सोय होईल. आपल्या संघटनांनी ही मागणी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाकडे लेखी करावी.

तोवर आपल्या हातात असलेले एक काम आहे. रेबीजची पहिली लस देताना प्रत्येक मांजराला आधी चिप बसवावी, आणि केस पेपरवर एक ओळ वाढवावी: घरातले कुणी परदेशी जाण्याची शक्यता आहे का? प्रत्येक दवाखान्याला स्कॅनर परवडत नसेल तर दुर्ग, भिलाई आणि राजनांदगावच्या पशुवैद्यकांनी मिळून एक घ्यावा. अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला सिरम वेगळे करून थंड साखळीत पाठवण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवण्याची विनंती आम्ही करत आहोत. त्याला जे येऊ इच्छितात त्यांनी या महिन्याअखेर आमच्या कार्यालयाला कळवावे, म्हणजे हिवाळ्याआधी तारीख ठरवता येईल.