अरबी समुद्राचे आरोग्य आणि खानदेश

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, म्हणून समुद्रातील शैवालांचे उद्रेक, म्हणजे त्यांची एकाएकी होणारी बेसुमार वाढ, हा मालवणच्या कोळ्यांचा किंवा गोव्यातील संशोधकांचा मामला होय, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु ज्या तापीच्या ६५,१४५ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी ५१,५०४ चौरस किलोमीटर भाग महाराष्ट्राच्या हद्दीत मोडतो, जिला पूर्णा, वाघूर, गिरणा आणि पांझरा आपापल्या काठांवरचे सारे काही आणून देतात, ती नदी अखेर सुरतेपलीकडे अरबी समुद्रालाच मिळते. आणि त्याच समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांकडे आपला कोरडवाहू शेतकरी मृग लागताच डोळे लावून बसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा मामला आपलाही आहे, असे मान्य करावे लागते.

समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींना जगण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो, तो पृष्ठभागी असतो. आणि शेतातल्या पिकाप्रमाणेच नत्र व स्फुरद लागते, त्याचा मोठा साठा मात्र खालच्या काळोख्या पाण्यात असतो. हा साठा वर कोण आणतो, केव्हा आणतो आणि किती आणतो, यावर समुद्रात काय उगवेल हे ठरते. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे वाहू लागले की केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर चढते. ते सुपीक असते, पण त्यात प्राणवायू फार थोडा असतो. उत्तर अरबी समुद्रात हेच कार्य हिवाळ्यात होते, कारण हिमालयाकडून येणाऱ्या थंड, कोरड्या वाऱ्यांनी पृष्ठभागाचे पाणी गार होऊन जड होते, ते खाली जाते आणि खालचे वर येते. या घुसळणीवर डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती पोसल्या जात, त्यांवर बारीक कवचधारी जीव, त्यांवर मासे. आपल्या आठवडेबाजारात येणारे सुकट आणि बोंबील हेदेखील याच अन्नसाखळीचे देणे आहे.

ही व्यवस्था आता पालटत आहे, आणि त्याचे मूळ आपल्या कल्पनेपेक्षा फार दूर आहे. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरील बर्फ घटल्यामुळे हिवाळी वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत, समुद्राची घुसळण मंदावली, नत्र वर येईनासे झाले आणि डायटमांची उपासमार सुरू झाली. त्यांची जागा हिरव्या नॉक्टिल्युकाने घेतली. हा एकपेशीय जीव स्वतःच्या शरीरात हिरवी शैवाले बाळगून सूर्यप्रकाशावर जगतो, शिवाय इतर सूक्ष्म जीवांना गिळतोही, आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्याचे बरे चालते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या जोकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी २०१४ आणि २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांतून हा संबंध मांडला. नॉक्टिल्युका मुख्यत्वे सॅल्प नावाचे पारदर्शक समुद्री जीव आणि जेलीफिश यांच्या उपयोगी पडतो, माणसाच्या ताटात येणाऱ्या माशांच्या नव्हे, हीच यातली खरी हानी. कोकणाच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला गर्दी लोटते, ती चमकही नॉक्टिल्युकाचीच असते. तिचे कौतुक जरूर करावे, पण ती का वाढते हेही विचारावे.

काही शैवाले प्रत्यक्ष विषारी असतात. १९९७ च्या सप्टेंबरात केरळमधील विळिंजम येथे शिंपले खाल्ल्याने ७ माणसे दगावली आणि ५०० हून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शिंपल्यांत हे विष शैवालांतून आले होते.

आता आपल्या वाट्याविषयी. केळीच्या बागांतील युरियामुळे अरबी समुद्रात उद्रेक होतात, असा आरोप कोणी केल्यास तो मी अमान्य करीन. मोकळ्या समुद्रातील उद्रेकांचे मुख्य कारण वारा, तापमान आणि प्राणवायू हेच आहे, तापीचा पुष्कळ गाळ उकाईच्या जलाशयात बसतो, आणि खंभातच्या आखाताचे पाणी भरती-ओहोटीने इतके गढूळ राहते की तेथे शैवालांना पुरेसा प्रकाशच मिळत नाही. परंतु समुद्र दुर्बळ झाला असताना त्यात आपली घाण लोटणे यात कसलेही शहाणपण नाही. शिवाय जे समुद्रात मोठ्या प्रमाणावर घडते ते आपल्या तलावांत आणि धरणांत लहान प्रमाणावर घडू शकते: सांडपाण्यातले आणि शेतातले नत्र-स्फुरद, संथ पाणी, चढते ऊन, आणि मग हिरवी साय. हे पाणी आपण पितो.

उपाय आपल्या हाताशी आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ठिबक सिंचनाकरिता जळगावचे नाव देशभर घेतले जाते; ठिबकमधून पिकाच्या गरजेपुरते विद्राव्य खत दिल्यास नत्र झाडाच्या मुळाशी राहते, ओढ्यात जात नाही. उरला प्रश्न शहरांच्या सांडपाण्याचा, आणि तो शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. भुसावळ, जळगाव, धुळे येथील नागरिकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे दोन गोष्टींचा आग्रह धरावा: सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये, यासाठी अंदाजपत्रकात पुरेशी तरतूद व्हावी, आणि हतनूर, सुलवाडे व प्रकाशा येथील तापीच्या पाण्यातील नत्र-स्फुरदाचे आकडे सरकारी दप्तरात न ठेवता दरमहा मराठीत जाहीर केले जावेत.