हाताची विद्या

दहावीचा निकाल लागला, की जोयडा तालुक्यातील पुष्कळशा घरांत एकच प्रश्न उभा राहतो: मुलाने पुढे काय करावे? प्रश्न विचारला जातो खरा. परंतु त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ओळखीचा कोणी गोव्यात हॉटेलात कामाला असतो. तो निरोप धाडतो, ‘मुलाला पाठवून द्या, महिन्याच्या महिन्याला पैसे हाती येतील.’ घरात पैशाची नड असतेच. मुलगा गाठोडे बांधतो आणि घाट उतरतो. प्रामाणिक कष्टाला आम्ही कधीही कमी लेखणार नाही. ताटे धुणारा हातही सन्मानास पात्र आहे. तथापि, सोळाव्या वर्षी ज्या पगारावर आणि ज्या कामावर मुलगा लागला, जवळजवळ त्याच कामावर तो तिसाव्या वर्षीही दिसावा, ही गोष्ट आईबापांनी विचारात घेण्याजोगी आहे. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एक निराळी वाट ठेवीत आहोत. ती वाट आहे यंत्रशाळेतील सूक्ष्म कारागिरीची.

यंत्रांशी या तालुक्याचा संबंध जुना आहे, आणि तो दुःखाचाही आहे. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण उभे राहिले आणि १९८७ साली ते पूर्ण झाले. त्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि कित्येक कुटुंबांना रामनगरला नवा संसार मांडावा लागला. धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॉटची दोन जनित्रे आहेत. त्याच काळीच्या पाण्यावर खाली नागझरीचे मोठे वीजगृह चालते. या जनित्रांचा अवजड दांडा आपल्या बेअरिंगमध्ये केसाएवढ्या फटीच्या हिशेबाने फिरत असतो. फट अधिक झाली तर दांडा थरथरेल, कमी झाली तर तापून धरेल. तो दांडा कोणीतरी कातला, कोणीतरी घासला, कोणीतरी मोजला. ज्या पाण्याखाली आपल्या आजोबांचे अंगण गेले, त्याच पाण्यावर फिरणारे यंत्र समजणारा आणि दुरुस्त करणारा हात आपल्या नातवाचा का असू नये?

ही विद्या म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात पाहू. लाकूड फिरवून त्यातून लाटणे किंवा पाळण्याचे पाय काढणारा कातारी आपल्या लोकांना ठाऊक आहे. लेथवर काम करणारा टर्नर हा त्याचाच लोखंडी भाऊ. लोखंडाचा तुकडा चकात घट्ट धरून फिरवावयाचा आणि टोकदार हत्याराने त्याचा किस काढीत हवा तो आकार आणावयाचा, हे टर्नरचे काम. मिलिंग यंत्रावर याच्या उलट असते: हत्यार फिरते आणि तुकडा सरकतो. फिटर कानस, छिन्नी आणि गुण्या घेऊन सुटे भाग एकमेकांत बसवितो. साचे आणि डाय बनविणारा कारागीर या सर्वांत कसबी समजला जातो. कारण त्याच्या एका साच्यातून हजारो वस्तू निघावयाच्या असतात, आणि साच्यातील चूक त्या हजारांतही उतरते.

या कामाचा आत्मा मोजमापात आहे. मायक्रोमीटर नावाचे लहानसे साधन मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजते. माणसाचा केस साधारणपणे सात शतांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे कारागिराला केसाचा सातवा हिस्सा ओळखावा लागतो. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा दहा अंशांनी तापला, की तो एक शतांशाहून किंचित अधिक वाढतो. तेव्हा लेथवरून काढलेला गरम तुकडा तसाच मोजणारा उमेदवार फसतो; तो थंड होईपर्यंत थांबणारा शहाणा ठरतो. म्हणूनच साऱ्या जगात मोजमापासाठी २० अंश सेल्सियस हे प्रमाण तापमान ठरविले आहे. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की येथे नुसती बोटांची चलाखी पुरत नाही. धीर, स्वच्छता आणि खरे बोलण्याची सवय यांची गरज पडते. माप चुकले असता ‘चुकले’ असे सांगणारा मुलगा कारखान्याचे मोठे नुकसान वाचवितो. लपविणारा कोणाचा तरी जीव धोक्यात घालतो.

कोणी म्हणेल, ‘आता यंत्रे संगणकाच्या आज्ञेने चालतात; कारागिराची गरज ती काय उरली?’ हा समज चुकीचा आहे. आज्ञा लिहावी लागते ती माणसालाच. हत्याराची धार झिजू लागली, की बाहेरून कातलेला व्यास तुकड्यागणिक किंचित वाढत जातो. यंत्र मात्र सांगितलेल्या जागेपर्यंतच निमूटपणे जात राहते. पहिला तुकडा, दहावा तुकडा, विसावा तुकडा मोजून ती वाढ ओळखणे आणि मर्यादा ओलांडण्यापूर्वी हत्यार सुधारणे हे काम डोळस माणसाचे आहे. ज्याने हाताने कानस मारलेली नाही, त्याला संगणकाच्या यंत्राची कुरकुर कळत नाही.

आपल्या शेजारच्या बेळगावचे एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना चित्रकार व्हावयाचे होते; परंतु रंग नीट ओळखता येत नसल्याने ती आशा सोडून ते यांत्रिक नकाशे काढण्याकडे वळले. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे ते नांगर प्रथम खपेनात. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४१ साली याच घराण्याने हरिहरला लेथ बनविण्याचा कारखाना काढला. तो कारखाना पुढे बंद पडला. परंतु यंत्रकामाची विद्या या मुलखात रुजली ती रुजलीच. बेळगावच्या उद्यमबागेतील यंत्रशाळा आजही तिची साक्ष देतात. एक दार बंद झाले असता मनुष्याने दुसरे कसे ठोठवावे, हेही या चरित्रातून शिकावे.

आता वाट कोणती? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, दहावीनंतर फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम घेता येतात. वेल्डरचा एका वर्षाचा आहे. दुसरी वाट कर्नाटक सरकारच्या टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्राची. डेन्मार्क देशाच्या साह्याने १९७२ साली बेंगळूरला सुरू झालेल्या या संस्थेच्या शाखा आता राज्यभर पसरल्या असून त्यांपैकी एक आपल्या दांडेलीत आहे, दुसऱ्या बेळगाव आणि हुबळीस आहेत. तेथील साचे व डाय बनविण्याचा डिप्लोमा दहावीनंतर घेता येतो. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष कारखान्यातील अनुभव, अशी चार वर्षे त्यास लागतात. आयटीआय झालेल्या हुशार मुलासही पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. तेव्हा लहान दारातून शिरलेल्याला मोठे दालन कायमचे बंद असते असे नाही.

शिक्षणानंतर शिकाऊ उमेदवारी करावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. १९६१ च्या कायद्याने उमेदवाराशी लेखी करार करणे आणि त्यास विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ही कल्पना आम्हांस परकी नाही. १८५२ साली इटलीत तुरिन शहरी संत जॉन बॉस्को यांनी एका मुलासाठी सुताराशी असाच लेखी करार केला होता. मुलाला शब्दांनी समजवावे, मारू नये, रविवारी व सणाच्या दिवशी त्याला मोकळीक द्यावी, अशी कलमे त्यात होती. मुलगा कामाला लावताना कागद मागून घेण्यात भीड कसली?

अडचणी आहेत, त्या लपविण्यात अर्थ नाही. दोन ते चार वर्षे घरात मिळकत येणार नाही, उलट खर्च होईल. पावसाळ्यात रानातल्या वाड्यांवरून रोज ये-जा करणे कठीण, म्हणून वसतिगृहाची सोय आधी पाहावी लागेल. मुलाच्या घरी कोंकणी किंवा मराठी, शाळेत कन्नड आणि यंत्रशाळेच्या नकाशावर इंग्रजी, असा तिहेरी भार त्याच्यावर पडेल. सुरुवातीचा पगार हॉटेलातल्या पगारापेक्षा फार मोठा दिसणार नाही, कदाचित कमीही असेल. फरक पडतो तो पाचव्या, दहाव्या वर्षी. कारण कसब वाढते तशी कारागिराची मागणी वाढते, आणि ते कसब कोणी हिरावून घेऊ शकत नाही. शेतात पेरलेले दाणे त्याच आठवड्यात शिजवून खाता येत नाहीत, हे आमच्या शेतकरी वाचकांस आम्ही काय सांगावे?

आईबापांनी एवढे करावे. निकालाची वाट न पाहता आधीच दांडेलीस जाऊन संस्था डोळ्यांनी पाहावी आणि मुलाला सोबत न्यावे. खाजगी संस्था असेल तर तिला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची मान्यता आहे काय, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. नुसत्या रंगीत प्रमाणपत्राला भुलू नये. गणितात अपूर्णांक आणि दशांश पक्के करून घ्यावेत, कारण यंत्रशाळेत पहिली ठेच तेथेच लागते. आणि घरात मुलगी असेल तर तिलाही ही वाट दाखवावी. मायक्रोमीटर धरण्यास दांडगे मनगट लागत नाही; स्थिर हात आणि सावध मन लागते, आणि ते तिच्यापाशी उणे नाही.

थोरल्या भावाने दोन वर्षे घर सांभाळले, काकांनी वसतिगृहाचे पैसे भरले, शेजाऱ्याने गुरे पाहिली, तर एक मूल शिकून निघते. पुढे तेच मूल आपल्या धाकट्यांना हात देऊन वर घेते. गोव्याची बस रोजच सुटते. ती उद्याही मिळेल. शिकण्याचे वय मात्र परत येत नाही. यंदा ज्यांच्या घरी दहावीचे मूल आहे, त्यांनी हा विषय आज रात्री जेवणाच्या पानावर काढावा, एवढीच आमची विनंती.