धाकटी कुणावर गेली?



गेल्या महिन्यात नणंदेकडे बारशाला गेलो होतो. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या आणि बायका जरा निवांत बसल्या. तेवढ्यात नात्यातल्या एक आत्याबाई माझ्या मुलींकडे बघून म्हणाल्याच, "थोरली अगदी तुझ्यावर गेलीय हो! पण ही धाकटी कुणाची म्हणायची? रंग वेगळा, केस वेगळे!" सगळ्या हसल्या. मीही हसले. रात्री अंथरुणात धाकटीनं हळूच विचारलं, "आई, मी तुमची नाही का गं?"

माझी झोपच उडाली. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. पण मध्यंतरी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, तेव्हा दहावीच्या वर्गासाठी अर्धगुणसूत्री विभाजनाचा धडा घोकला होता. तोच कामी आला. सकाळी गजरा करताना लेकीला जवळ घेतलं.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं. समजा, आईकडचे गजरे मोगऱ्याचे आणि वडिलांकडचे अबोलीचे. आता मूल होताना आईबाबांनी आपापले सगळे ४६ दिले, तर बाळाकडे ९२ होतील! म्हणून बीजपेशी तयार होताना संख्या निम्मी होते. जोडीतला एकच गजरा पुढे जातो.

पण त्याआधी एक गंमत होते. जोडीतले दोन्ही गजरे शेजारी येतात, सारख्याच जागी तुटतात आणि एकमेकांच्या तुकड्यांना जोडले जातात. मोगऱ्यात अबोली, अबोलीत मोगरा! मग कुठल्या जोडीतला कुठला गजरा बीजपेशीत जाईल, हा निव्वळ योगायोग. नुसत्या या वाटणीच्याच ८३,८८,६०८ तऱ्हा होतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवल्या ना? या झाल्या एकट्या आईच्या. तेवढ्याच बाबांच्या. तुकड्यांची अदलाबदल तर यात धरलेलीच नाही! मग एकाच बीजापासून झालेली जुळी सोडली, तर दोन भावंडं हुबेहूब सारखी व्हायची कशी?

आणखी एक नवल सांगते. स्त्रीबीजातलं हे विभाजन ती स्त्री स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि मग कित्येक वर्षं मध्येच थांबून राहतं. म्हणजे माझ्या लेकीसाठीच्या गजऱ्यातली ती अदलाबदल मी माझ्या आईच्या पोटात होते तेव्हाच झाली होती. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी आजीच्या पोटात पण होते?" आणि खुदकन हसली.

आपल्या अंगी न दिसणारा गुणही आपण मुलांना देत असतो. धाकटीचे कुरळे केस बहुधा माझ्या आजीचे. फोटो काढून दाखवला, तेव्हापासून ती फणी घेऊन आरशासमोर!

खरं सांगू? चूक एकट्या आत्याबाईंची नव्हती. "ताईचं अक्षर बघ, ताई कशी शहाणी," हे मीच दिवसातून चारदा म्हणायची. आता जीभ आवरते. तुम्हीही मुलांना एकमेकांच्या मापानं मोजू नका. आणि चारचौघींत कुणी असं बोललं, तर माझ्यासारखं हसून वेळ मारून नेऊ नका. "दोघी माझ्याच," असं तिथल्या तिथं, मुलीच्या देखत सांगा.