गुरुऋणाची परतफेड

५ सप्टेंबरचा शिक्षकदिन आला की गावोगावी पेनसंच, शोभेच्या वस्तू आणि चकचकीत वेष्टनातील फुले यांची खरेदी होते. शिक्षकांचे कपाट भरते. भेट आणू न शकलेल्या मुलाची मान मात्र खाली जाते.

आंजर्ले ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी. अंमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी स्वहस्ते लिहून दैनिक काढीत. अशा ऋणाची फेड लिहिलेल्या पानानेच शोभते. जूनमध्ये पाढ्यांत अडखळणारे मूल आज बिनचूक हिशेब करते, हे पालकांनी चार ओळींत शिक्षकांना कळवावे. सर्वांनी मिळून शाळेच्या ग्रंथालयास एक पुस्तक द्यावे. त्यावर देणाऱ्याचे नाव नसावे. अपरिग्रहही साधतो, आणि कोणतेही मूल रिकाम्या हाताचे ठरत नाही.