दानाची सभा : मंडपातली आणि पडद्यावरची

कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभास्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल तेथे आहे. सोपाऱ्याचा धम्मभाणक सातिमित आहे. धेनुकाकटचे यवन आहेत, त्याच गावचा गंध विकणारा सिंहदत्त आहे आणि सामी नावाचा सुतारही आहे. बनवासीहून लोणावळ्याचा घाट गाठायला त्या काळी किती दिवस लागत असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एवढे निश्चित सांगता येते, की दूर राहणारा दाता ही इंटरनेटने आणलेली नवलाई नव्हे. आपल्या परंपरेत तो दोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे आणि त्याचे नाव जवळच्या दात्याच्या शेजारीच कोरलेले आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की आपल्या वसतिगृहासाठी निधी उभारायचा म्हटले की आता दोन सभा भरतात. एक विद्यालयाच्या पटांगणातील मंडपात आणि दुसरी मोबाईलच्या पडद्यावर. सन 2020 च्या टाळेबंदीने ही दुसरी सभा सर्वांच्याच अंगवळणी पाडली. परंतु आपल्याकडील अनेक संस्थांच्या कार्यक्रमांत या दुसऱ्या सभेची काय अवस्था असते? कोपऱ्यात तिवईवर एक मोबाईल उभा केला जातो, ‘लाइव्ह’ सुरू होते आणि पुढचे तीन तास दूरच्या माणसाला पहिल्या रांगेतील पाहुण्यांच्या पाठी दिसत राहतात. कर्ण्याचा आवाज मंडपात घुमतो. पडद्यावर त्याचा एक शब्दही लागत नाही. शेवटी सूत्रसंचालक घाईघाईने खाते क्रमांक वाचून दाखवतात. ही वागणूक मला केवळ गैरसोयीची वाटत नाही, ती भेदाची वाटते. ज्या समाजाला शतकानुशतके सभेच्या बाहेर बसवले गेले, त्या समाजाच्या संस्थेने आपल्याच माणसांना सभेच्या बाहेर बसवू नये.

पडद्यापलीकडे कोण बसलेले असते, याविषयीही आपल्या कल्पना अपुऱ्या आहेत. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो अमेरिकेतील वा दुबईतील माजी विद्यार्थी. तो आहेच. पण आपल्या कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. विद्यालयाचे स्नेहसंमेलन नेमके या काळात असते. टोळीबरोबर गेलेली आई मुकादमाची उचल अंगावर असताना फड सोडून येऊ शकत नाही. गाडी भरून झाल्यावर रात्री कोपीत परतून, मोबाईलच्या चार इंचांच्या पडद्यावर ती आपल्या लेकराचे भाषण शोधत असते. तिने पन्नास रुपये पाठवले तर ते दान नव्हे काय? ‘घरबसल्या बटण दाबणाऱ्यांना धम्माची तळमळ नसते’ असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून माझे म्हणणे असे, की त्यांनी एकदा या आईला विचारून पाहावे.

म्हणून कार्यक्रम ठरवतानाच तो दोन्ही सभांसाठी ठरवला पाहिजे. प्रारंभ वेळेपासून व्हावा. सकाळी अकराला उद्घाटन ठेवले तर न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून गेलेली असते. सायंकाळी सहाला ठेवले तर तेथे सकाळ असते, लंडनमध्ये दुपार आणि दुबईत साडेचार. ऊसतोड कामगारांना मात्र यांपैकी एकही वेळ सोयीची नाही. त्यांच्यासाठी ध्वनिचित्रमुद्रणाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच रात्री पाठवावेत. तीन तासांचे अखंड मुद्रण कोणाचाच डेटा पॅक सोसत नाही. ध्वनीचे गणित सोपे आहे: माईकचा आवाज कर्ण्यातून नव्हे, मिक्सरमधून तारेने थेट प्रक्षेपणाच्या यंत्रात गेला पाहिजे. मंडपवाल्याला आदल्या दिवशी सांगितले तर तो ही जोडणी करून देतो. वीज गेली तर काय, याचे उत्तरही आदल्या दिवशीच तयार हवे.

पडद्यावरच्या सभेसाठी स्वतंत्र सूत्रसंचालक नेमावा, असा माझा आग्रह आहे. मंडपातील पाहुण्यांचे स्वागत होत असताना त्याने दूरच्यांची नावे घ्यावीत, त्यांचे निरोप व्यासपीठावर पोचवावेत, त्यांच्यापैकी एकदोघांना बोलते करावे. सत्कारांची यादी निम्म्याने कमी केली तर यासाठी वेळ सहज निघेल. (शाल-श्रीफळाचा खर्चही वाचेल, हे जाता जाता.) पुण्या-मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी घरोघरी एकेकट्याने पाहण्यापेक्षा आपापल्या विहारात सामुदायिक वंदनेनंतर एकत्र बसून कार्यक्रम पाहावा आणि तेथे एकाने पावतीपुस्तक घेऊन बसावे. ज्येष्ठांच्या हाती रोख रक्कमच असते. मात्र 2000 रुपयांवरील रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, हे त्यांना आधी सांगावे. क्यूआर कोड दाखवताना खातेदार म्हणून संस्थेचेच नोंदणीकृत नाव उमटेल, असेच खाते वापरावे. कोणा कार्यकर्त्याच्या वैयक्तिक क्रमांकावर, तो कितीही प्रामाणिक असला तरी, एक रुपयाही घेऊ नये. परदेशस्थांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. भारतीय पारपत्र असलेल्या आपल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही; ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले त्याची देणगी मात्र ठरते आणि तिच्यासाठी विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली संस्थेची परवानगी लागते. पैसे आल्यावर विचारण्यापेक्षा हा प्रश्न आधी विचारावा.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला, ती. पडद्यावर निधी मागायचा तर हृदय हेलावले पाहिजे, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मग एखाद्या मुलाला उभे करून त्याच्या घरची गरिबी, वडिलांचे व्यसन, आईचे आजारपण सांगायला लावले जाते. याला माझा ठाम विरोध आहे. मंडपातले बोलणे मंडपात विरते, इंटरनेटवरचे राहते. तो मुलगा पुढे अधिकारी होईल, तिचे लग्न ठरेल, तेव्हाही ती फीत कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल. बाबासाहेबांनी आम्हांला हक्क मागायला शिकवले, करुणा भाकायला नव्हे. मुलांनी पडद्यावर विज्ञानाचा प्रयोग करून दाखवावा, संविधानाच्या उद्देशिकेवर वाद घालावा, भोजनगृहाचा महिन्याचा हिशेब स्वतः मांडून दाखवावा. देणाऱ्याला कळू द्या, की तो कशात भागीदार होतो आहे.

हिशेबाच्या बाबतीत नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांकडे पाहावे. दहाव्या लेण्यातील ऋषभदत्ताच्या लेखात 3000 कार्षापणांच्या अक्षयनिधीची नोंद आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 पाऊण टक्क्याने ठेवले. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. गुणाकार करून पाहा, वर्षाचे व्याज बरोबर 240 भरते. मूळ रकमेला हात लावायचा नाही, असेही तेथे लिहिले आहे. आणि हे सारे निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदवले गेले. राजाचा जावई दाता असूनही हिशेब जाहीर झाला.

मोठी देणगी आरंभ करून देते, चालवते ती नियमित वर्गणी, हेही आपल्याच इतिहासात आहे. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला तेव्हा शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले. तरी काही वर्षांतच ते पत्र थांबले. 1927 मध्ये सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ही पैशाच्या ओढाताणीत 1929 मध्ये बंद पडले. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना घराघरांतून मूठमूठ धान्याच्या मुष्टिफंडाचा आधार होता. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी किती लाख जमले याची घोषणा करण्यापेक्षा दरमहा शंभर रुपये देणारे किती जण नव्याने जोडले गेले, ते सांगावे. बँकेला स्थायी सूचना देण्याचा अर्ज मंडपातील टेबलावर असावा आणि पडद्यावरही.

पुढील कार्यक्रमानंतर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च त्याच पडद्यावर, त्याच लोकांसमोर वाचला जावा, अशी माझी व्यवस्थापन समितीला विनंती आहे. आणि पुढच्या स्मरणिकेत दात्यांची नावे रकमेच्या क्रमाने नव्हे, अकारविल्हे छापावीत. सर्वांची एकाच आकाराच्या टाइपात. पन्नास रुपये पाठवणाऱ्या त्या आईचेही, तिच्या गावाच्या नावासह.