पाहुण्या पाखरांचा बंदोबस्त

केनियाच्या वन्यजीव खात्याने जून २०२४ मध्ये एक उद्दिष्ट जाहीर केले : मोंबासा, मालिंदी आदी किनाऱ्यावरील गावांतून वर्षअखेरपर्यंत दहा लाख कावळे नाहीसे करावयाचे. हे कावळे म्हणजे राखी मानेचे, महाराष्ट्रात घरोघरच्या कौलांवर बसणारे आणि पितृपक्षात ज्यांची वाट पाहिली जाते तेच गावकावळे होत. ते वर्ष उलटून गेले. कावळे गेलेले नाहीत.

हा पक्षी आफ्रिकेत आपण होऊन गेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झांजिबारमधील कचरा खाऊन टाकण्यासाठी तो मुद्दाम भारतातून नेण्यात आला. पुढे बेटाबाहेर मुख्य भूमीवर त्याने जम बसविला आणि १९४७ च्या सुमारास मोंबासा गाठले. कचरा तर त्याने खाल्लाच, परंतु त्याबरोबर सुगरणी, शिंजीर आदींच्या कुळातील स्थानिक पाखरांची अंडी व पिल्लेही फस्त केली. किनाऱ्यावरील गावांतून लहान पक्ष्यांची किलबिल कमी झाली, ती मुख्यतः यामुळे.

साळुंकीची कथाही अशीच आहे. टोळांचा नाश करावा म्हणून ती १७६२ मध्ये मॉरिशसला नेण्यात आली; बरोबर शंभर वर्षांनी, १८६२ मध्ये, कीटक खाण्यासाठी मेलबर्नला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी २००० साली जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जीवांची यादी केली. तिच्यात पक्षी अवघे तीन आहेत आणि त्यांपैकी दोन, साळुंकी व लालबुड्या बुलबुल, महाराष्ट्राच्या कोणत्याही परसात दिसतात. निर्यातीच्या आकडेवारीत हा माल कधी मोजला गेला नाही, एवढेच!

अशा पाखरांना मारावे काय, हा प्रश्न मनाला टोचणारा आहे आणि तो टोचावा, हेच योग्य. दोष पाखराचा नाही, त्याला नेणाऱ्या माणसाचा आहे, असे प्राणिमित्र म्हणतात. ते खरेच आहे. परंतु दोष कोणाचा, हे ठरल्याने ज्याच्या घरट्यावर धाड पडते त्याचे रक्षण होत नाही. हात राखून स्वस्थ बसणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत तिसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

सेशेल्स द्वीपसमूहात ही किंमत कोण मोजत होते, हे पाहण्यासारखे आहे. तेथील दयाळ हा महाराष्ट्रात वसंतात पहाटे गाणाऱ्या दयाळाचा जवळचा भाऊबंद. मांजरे व उंदीर यांनी तो इतर बेटांवरून नाहीसा केला आणि १९६० च्या दशकात सुमारे दोन चौरस किलोमीटरच्या फ्रेगेट या एकाच बेटावर त्याची जेमतेम दहा-पंधरा पाखरे उरली. मोठ्या प्रयत्नांनी त्याला वाचवून अन्य बेटांवर नेण्यात आले. मात्र फ्रेगेटवर आणि पुढे डेनिस बेटावर त्याची गाठ साळुंकीशी पडली. साळुंकी दयाळाप्रमाणेच झाडाच्या ढोलीत घरटे करते. ती जागा बळकावते, अंडी फोडते आणि प्रसंगी अंगावर धावून जाते. डेनिसवर डोक्याला जखमा झालेले दयाळ सापडले, त्या साळुंक्यांच्याच चोचींच्या मानल्या गेल्या. अखेर दोन्ही बेटांवर साळुंक्या पकडण्याची मोहीम निघाली. सापळ्यांत बहुतेक सापडल्या, पण उरल्यासुरल्या शहाण्या झाल्या. या पक्ष्याची बुद्धी तल्लख असते. सापळा एकदा पाहिला की तो पुन्हा फसत नाही. शेवटची पाखरे बंदुकीने टिपावी लागली. डेनिसवर अकराशेहून अधिक साळुंक्या मारल्यावर २०१५ मध्ये बेट मोकळे झाले. आज सेशेल्समधील दयाळ शेकड्यांनी मोजता येतात.

झांजिबारमध्ये नेमके उलटे घडले. १९९० ते १९९५ या काळात परदेशी मदतीने तेथे कावळ्यांविरुद्ध मोहीम चालली आणि त्यांची संख्या खूपच घटली. मदत थांबली, मोहीम थांबली आणि थोड्याच वर्षांत कावळे पूर्ववत झाले. म्हणजे हजारो पक्षी मेले ते व्यर्थ. संहाराचे समर्थन करता येईल ते तो तडीस जात असेल तरच. अर्ध्यावर सोडलेली मोहीम ही मोहीम न काढण्यापेक्षा वाईट.

या कसोटीवर केनियाचा बेत उतरतो काय? तेथे वापरायचे विष आमिषातून दिले जाते, त्याने कावळा काही तासांनी मरतो आणि त्याचे कलेवर खाणाऱ्याला फारशी बाधा होत नाही, असे सांगितले जाते. साधन बरे आहे. परंतु केनिया हे दोन चौरस किलोमीटरचे बेट नव्हे. शेजारी टांझानियाचा किनारा त्याच कावळ्यांनी भरलेला असताना एका देशाने, तेही एका वर्षाच्या मुदतीत, हे काम संपविण्याची भाषा करणे हे कारभारापेक्षा घोषणेला शोभणारे होते. दोन्ही देशांनी मिळून आणि वर्षानुवर्षे पैसा राखून ठेवला, तरच त्याला अर्थ राहील.

ऑस्ट्रेलियातील कॅनबेराचा अनुभव येथे उपयोगी पडावा. तेथे १९६८ ते १९७१ या काळात ११० साळुंक्या सोडण्यात आल्या होत्या. त्यांची प्रजा इतकी वाढली की २००६ पासून नागरिक आपल्या परसांत सापळे लावू लागले. हौशी निरीक्षकांच्या २९ वर्षांच्या नोंदी तपासल्यावर ढोलीत राहणाऱ्या काही स्थानिक पक्ष्यांना साळुंकीची झळ लागल्याचे दिसले. मात्र जेथे मूळची झाडी विरळ झाली होती तेथे ही झळ अधिक होती, हेही अभ्यासकांनी नोंदविले. साळुंकी माणसाने मोकळ्या केलेल्या जागेत शिरते, आणि कावळा माणसाने टाकलेल्या उष्ट्यावर वाढतो. मोंबासातील कचऱ्याचे ढीग उघडे आहेत तोवर मेलेल्या कावळ्याची जागा घेणाऱ्या कावळ्याला अन्नाची ददात नाही. तो कचरा रोज उचलण्याचे काम वन्यजीव खात्याकडे नाही; ते स्थानिक शासनसंस्थांकडे आहे, आणि दहा लाख कावळ्यांच्या घोषणेत त्यांचा वाटा फारसा दिसला नाही.