‘बोर्ड गेला’ म्हणण्याची घाई

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या मदरबोर्डाविषयी चार शब्द लिहावेत, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. ‘तुझे काम ओव्या गोळा करण्याचे, चिपा मोजण्याचे नव्हे’ असे माझ्या एका मित्राने ऐकवलेही. पण ज्या यंत्रावर आपण प्रबंध टंकतो, ज्यात विभागाचे ध्वनिमुद्रण साठवतो, ते ‘मेले’ असे कोणी सांगितले तर निदान ‘कशाने मेले?’ एवढे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही? माझ्या मते आहे. आणि फर्मवेअरच्या फसलेल्या अपडेटच्या बाबतीत तर तो आवर्जून बजावला पाहिजे. कारण त्या वेळी ‘बोर्ड गेला’ हा निकाल बहुधा घाईने दिलेला असतो.

आधी हे फर्मवेअर म्हणजे काय ते पाहू. संगणकाचे बटण दाबताच प्रोसेसर जागा होतो, पण त्याला स्वतःचे असे काहीच ठाऊक नसते. तो ठरलेल्या एकाच पत्त्यावर पहिली आज्ञा शोधतो. ही आज्ञा आणि तिच्यामागून येणारा स्मृती, पडदा, डिस्क यांना जागे करण्याचा सारा मंत्र मदरबोर्डावरच्या एका लहानशा चिपमध्ये लिहिलेला असतो. त्याला पूर्वी बायोस म्हणत, आज युईएफआय म्हणतात; दुकानात मात्र अजून बायोसच चालते. आज ही चिप बहुधा आठ पायांची असते, करंगळीच्या नखाहून लहान. १६ मेगाबाइट हे तिचे नेहमीचे आकारमान.

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा हा मजकूर कायमचा कोरलेला असे. बदलायचा तर चिपच बदलावी लागे. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये शोधलेली ईप्रॉम पुसता येत असे, पण तिच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडून. पुढे तोशिबातील फुजिओ मासुओका यांची फ्लॅश स्मृती १९८४ मध्ये जगापुढे आली. कॅमेऱ्याचा दिवा लखकन उडावा तशी ती क्षणात पुसली जाते, म्हणून हे नाव. ही सोय फार मोठी. पण मदरबोर्ड ‘मरण्याची’ भीतीही याच सोयीबरोबर आली, कारण फ्लॅशवर नवे लिहायचे तर आधी जुने पुसावे लागते. पाटी पुसून झाली आहे, नवा धडा लिहायचा आहे आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली, तर सकाळी प्रोसेसर उठतो, ठरल्या पत्त्यावर जातो आणि तिथे कोरी पाटी सापडते. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा! यात मोडले काय? तांबे जळले नाही, चिप फुटली नाही. हरवला तो मजकूर. आणि मजकूर पुन्हा लिहिता येतो.

आमच्या मराठी विभागात गेल्या पावसाळ्यात हेच घडले. अपडेट आपोआप आले होते. विंडोजच्या नेहमीच्या अपडेटांबरोबर फर्मवेअरचीही येतात. यंत्र स्वतःहून पुन्हा सुरू होऊ लागले आणि वीज गेली. कंपनीच्या सेवाकेंद्रातून आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटे पाहिले, ‘बोर्ड गेला’ म्हणाले आणि नव्या बोर्डाचे कोटेशन ठेवून गेले. डिस्क शाबूत होती, तेव्हा गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांना धोका नव्हता. पण कोटेशन मंजूर झाले असते तर विभागाची वर्षाची पुस्तकखरेदी त्यात बुडाली असती. मॅडमनी सही केली नाही. ‘आधी बसस्थानकामागच्या त्या मिस्त्रींना दाखवून या’ म्हणाल्या.

त्या मिस्त्रींचे काम मी शेजारी स्टूल घेऊन पाहिले. त्यांनी वीज तोडली, नाण्याएवढा सेल काढला, मग कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा एक चिमटा त्या आठ पायांवर बसवला. चिमट्याची तार एका छोट्या प्रोग्रामरला आणि तो त्यांच्या लॅपटॉपला. हा प्रोग्रामर काही शे रुपयांत मिळतो. फ्लॅशरॉम नावाचा आज्ञाकार्यक्रम तर फुकट आहे. मला वाटले, आता कंपनीची फाइल घेऊन चिपवर ओततील. तसे त्यांनी केले नाही. त्यांनी आधी बिघडलेल्या चिपमध्ये जे काही उरले होते ते वाचून घेतले. एकदा नव्हे, तीनदा. पहिली प्रत दुसरीशी जुळेना. चिमटा नीट बसला नव्हता. तो सरळ करून वाचल्यावर दुसरी आणि तिसरी प्रत अक्षरन्‌अक्षर जुळली, तेव्हाच ते पुढे सरकले.

‘दादा, बिघडलेलेच आहे ना ते, मग जपायचे कशाला?’ मी विचारले. ते म्हणाले, ‘ह्याच्यात ह्या बोर्डाचं नाव-गाव असतं. ते कंपनीच्या फायलीत कुठनं येणार?’

वाचकहो, पाठचिकित्सेच्या तासाला जे ऐकले ते मला त्या टपरीवजा दुकानात डोळ्यांनी दिसले. चिपमधला सगळा मजकूर एका जातीचा नसतो. काही भाग त्या नमुन्याच्या हजारो बोर्डांत सारखाच असतो. तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आणता येतो. पण बोर्डाचा अनुक्रमांक, नेटवर्कचा पत्ता, कित्येकदा विंडोजची परवाना-किल्ली हे त्या एकाच चिपमध्ये असते. त्यावर परकी प्रत सरसकट लिहिली तर यंत्र उठेल, पण आपली ओळख विसरून उठेल. म्हणून फाटक्या पोथीतली वाचता येणारी पाने तशीच ठेवावीत आणि गळालेला भाग तेवढा दुसऱ्या प्रतीवरून भरावा. मिस्त्रींनी नेमके तेच केले. लिहून झाल्यावर चिप पुन्हा वाचून ताडून पाहिली. सेल बसवून बटण दाबले, तर बराच वेळ काहीच नाही. यंत्र दोनदा आपणच बंद होऊन सुरू झाले. मग पडदा उजळला आणि कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागला! सेल काढल्याने घड्याळ मागे गेले होते, एवढेच.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? अपडेटच करू नये. हे मत आमच्याकडच्या काही प्राध्यापकांचेही आहे. मला ते पटत नाही. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष उघड झाला. त्याला आवर घालणारी दुरुस्ती बायोसच्या अपडेटमधूनच आली. भीतीने हात बांधून बसणाऱ्यांचे प्रोसेसर झिजतच राहणार. अपडेट टाळता येत नाहीत. तेव्हा फसलेल्या अपडेटमधून परतण्याची वाट यंत्रातच असली पाहिजे, आणि ती ठेवण्याचे कर्तव्य बनवणाऱ्याचे आहे, हे माझे म्हणणे.

ही मागणी अवास्तव नाही. १९९९ च्या २६ एप्रिलला सीआयएच नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांत धुमाकूळ घातला. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने तो लिहिला होता, आणि तो बायोसवर कचरा लिहीत असे. त्या काळी पुष्कळ बोर्डांवर चिप खोबणीत असे. दुरुस्ती करणारे तशाच दुसऱ्या यंत्रात चांगल्या चिपवर संगणक सुरू करीत, मग चालू यंत्रातून ती उपटून बिघडलेली बसवीत आणि तिच्यावर नवा मजकूर लिहीत. धाडसी प्रकार, पण खोबण होती म्हणून शक्य होता. आज चिप झाळून बसवतात. तरी सुज्ञ उत्पादकांनी दुसऱ्या वाटा काढल्या आहेत. गिगाबाइटच्या पुष्कळ बोर्डांवर दोन बायोस असतात. असूसच्या काही बोर्डांवर मागे एक बटण असते. योग्य नावाची फाइल पेन ड्राइव्हवर घालून ते दाबले की प्रोसेसर नसतानाही चिप लिहिली जाते. एचपीच्या पुष्कळ यंत्रांत विंडोज आणि बी, डेलच्या यंत्रांत कंट्रोल आणि एस्केप या कळा दाबून धरल्या की पुनर्प्राप्ती सुरू होते. आमच्या यंत्रात अशी काही सोय असती तर कोटेशनचा कागद निघालाच नसता. सोय असूनही ती ग्राहकाला न सांगणारे महाभाग आहेत, तो भाग वेगळा.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. जे आपल्याला लिहिता येते ते चोरालाही लिहिता येते. २०१८ मध्ये लोजॅक्स नावाचा, युईएफआयमध्येच घर करणारा घातक कार्यक्रम उघडकीस आला. डिस्क बदलली तरी तो जात नसे. म्हणून फर्मवेअरवर उत्पादकाची अंकीय सही हवी, कुलूप हवे, हे मान्य. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने फर्मवेअरविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात संरक्षण आणि बिघाड ओळखणे यांच्याच पंक्तीला पुनर्प्राप्ती बसवली आहे. कुलपाच्या नावाखाली परतीची वाट बुजवणाऱ्यांना सुरक्षिततेचा आधार घेता येणार नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टु रिपेअर’चे पोर्टल सुरू केले. पाऊल स्वागतार्ह आहे. पण पोर्टलावर माहिती असणे वेगळे आणि तालुक्याच्या गावी, हाती कोटेशन असताना, ‘थांबा, आधी चिप वाचून पाहा’ असे म्हणणारे कोणी असणे वेगळे.

महाविद्यालयापुरते माझे मागणे थोडके आहे. पुढच्या खेपेस संगणक घेताना निविदेत एक ओळ घालावी: अपडेट फसल्यास परत उभे राहण्याची सोय बोर्डावर आहे काय, आणि ती कशी वापरावी? प्रत्येक विभागाच्या यंत्राला यूपीएस असावा. ज्या यंत्रांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे त्यांची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून कार्यालयाच्या कपाटात ठेवावी. फर्मवेअर बदलले की विंडोज ती मागू शकते, आणि तेव्हा शोधाशोध करून उपयोग नसतो. आमच्या विभागाच्या चिपची प्रत मिस्त्रींनी पेन ड्राइव्हवर दिली आहे. मॅडमनी ती ओव्यांच्या वह्यांशेजारी ठेवली असून पाकिटावर यंत्राचा क्रमांक घातला आहे.